ऋतू बदलला की ताटात काय बदलतं? – तुमचे अनुभव लिहा

आषाढात कांदेनवमीपर्यंत आमच्याकडे कांदाभजी, कांद्याची थालीपीठं, कांदेभात असा सपाटा असतो आणि मग चातुर्मासभर कांदा-लसूण-वांगं बंद. सासूबाई याला धर्म म्हणतात, सासरे आयुर्वेद म्हणतात आणि लेक म्हणते, आजीचा हट्ट. ऋतुचर्येचे, म्हणजे ऋतूनुसार खाण्या-वागण्याच्या नियमांचे, श्लोक सगळेच फॉरवर्ड करतात. मला ते नकोत. तुमच्या घरात खरोखर काय शिजतं, काय बंद होतं आणि त्यानं काय फरक पडतो, ते लिहा. जमत नसेल तर तेही लिहा.

वसई

आमचं वर्ष शेवळांपासून, म्हणजे पावसाच्या तोंडावर येणाऱ्या रानभाजीपासून, सुरू होतं. मेअखेरीस वळवाच्या सरी पडल्या की आदिवासी बायका स्टेशनाबाहेर जुड्या घेऊन बसतात. सोबत काकडं (आंबट रानफळं) हवीतच, नाहीतर घशाला अशी खाज सुटते की विचारू नका. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली. भारंगी कडू, म्हणून मुलं नाक मुरडतात, पण वाल घालून केली की खातात. यातली एकही भाजी आम्ही 'औषध' म्हणून खात नाही. त्या तेव्हाच येतात आणि चार दिवसांत संपतात, म्हणून खातो. पोटाला बरं वाटतं हे खरं, पण त्या दिवसांत तळणही कमी होतं, मग श्रेय कोणाला द्यायचं?

नागपूर

इथे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, त्यामुळे ऋतुचर्या शिकवावी लागत नाही. आई रात्री ज्वारीचं पीठ ताकात कालवून ठेवते, सकाळी ते शिजवून आंबील. वरून जिरं, ठेचलेला लसूण, मीठ. वाटीभर पिऊन बाहेर पडलं की दुपारपर्यंत डोकं शांत. बाबा अजून खिशात कांदा घेऊन निघतात. त्यानं ऊन लागत नाही हे मला पटत नाही. पण जेवताना तोच कांदा फोडून खातात, म्हणजे वाया जात नाही.

मडगाव

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे आमचा पावसाळा मेमध्येच ठरतो. पुरुमेंताच्या फेस्तात (पावसाळ्याच्या बेगमीच्या जत्रेत) जाऊन सुकी सुंगटं (कोळंबी), खारे बांगडे, सोलं, मिरच्या, आमलीचे गोळे भरून ठेवायचे. शास्त्रात काय आहे ते बघणाऱ्यांनी बघावं, आमच्याकडे समुद्रच सांगतो. मग श्रावण येतो आणि शिवराक, म्हणजे सुकं मासंही बंद. कुळथाची कढी आणि अळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोंडाक, म्हणजे आमटी, यावर निभावतं. घरातले पुरुष शेवटच्या आठवड्यात कॅलेंडरसमोर उभे असतात, ते वेगळं.

पुणे (मी वैद्य आहे, राहवलं नाही म्हणून)

दोन गोष्टी. लोक महिने पाठ करतात आणि आभाळ बघत नाहीत. आयुर्वेदाचा ग्रंथकार वाग्भट, त्याच्या मोजणीत ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म आहे आणि श्रावण-भाद्रपद वर्षा. आता आषाढात चिपळूणला जाऊन कोणाला 'ग्रीष्म आहे, गार सरबत घ्या' म्हणून सांगा! लक्षण बघायचं: पाऊस लागला, हवा दमट झाली, भूक मंदावली, की वर्षेचा आहार. जुने तांदूळ, मुगाचं कढण, सुंठ, उकळलेलं पाणी.

दुसरी दह्याची. 'पावसाळ्यात दही नको' असं सर्रास ऐकवतात. ग्रंथात दही नको म्हटलंय ते वसंत, ग्रीष्म आणि शरदात, आणि रात्री तर कधीच नको. वर्षेत उलट दह्याची निवळ पादेलोण (काळं मीठ) घालून घ्यायला सांगितली आहे. म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हात थंड म्हणून वाटी-वाटी दही खाणारे माझे पेशंट नेमकं उलटं करतात. आणि बदल एका दिवसात नको: जुन्या ऋतूचे शेवटचे सात आणि नव्याचे पहिले सात दिवस मिळून हळूहळू. (शरदात तेलही वर्ज्य आहे आणि दिवाळी शरदात येते. चकलीबद्दल मला विचारू नका, मीही खातो.)

मेलबर्न

वैद्यबुवांना दंडवत! इथे संक्रांत भर उन्हाळ्यात. तीळ-गूळ आणि बाजरीची भाकरी, बाहेर चाळीस अंश. पहिल्या वर्षी सगळं साग्रसंगीत केलं आणि सगळे घामाघूम झाले. आता सणाला नैवेद्यापुरता तिळगूळ. डिंकाचे लाडू, बाजरी, उडदाचं घुटं हे जुलैत. तेव्हा इथे कडाक्याची थंडी असते आणि भूकही तशीच लागते. गुढीपाडव्याला मात्र पंचाईत: कडुलिंबाची पानं इंडियन स्टोअरमधून आणावी लागतात, आणि बाहेर वसंत नसून शरद.

हिंजवडी

मेसमध्ये बारा महिने फ्लॉवर-बटाटा. पुढचा.

सोलापूर

हिंजवडीकर, भोगीला इकडे या. वाटाणा, पावटा, ओला हरभरा, गाजर, वांगं, बोरं, सगळं एका कढईत, तिळाचं कूट, आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी लोण्यासकट. त्याच्या आसपास हुरड्याचा हंगामही असतो. आणि तेव्हा पचतं हो सगळं! तीच भाकरी मेमध्ये मला छातीशी जळजळ देते, म्हणून उन्हाळ्यात आमच्याकडे ज्वारीच.

ठाणे

वसईकर, शेवळं साफ कशी करायची? दरवेळी बघून पुढे जाते, घ्यायची हिंमत होत नाही.

वसई

ताई, हाताला तेल लावून बसा. बाहेरची आवरणं काढून टाका, आतल्या दांड्याचा पिवळा रवाळ भाग काढा, तोच खाजतो. उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परता. काकडं ठेचून त्यांचं पाणी घाला, नसतील तर चिंचेचा घट्ट कोळ. मग सोडे (सुकी कोळंबी) किंवा वाल घालून नेहमीसारखं कालवण. आंबटात कंजुषी नको. आणि विकणारीकडूनच काकडं मागून घ्या, ती देतेच.