पॅकेटचा आकार न सांगता लिंकची क्षमता सांगू नका

लोखंडी_रॅक
काल इथे एकानं छातीठोकपणे लिहिलं, ‘लाइन १ गिगाबिटची, स्पीड टेस्टला ९४० दिसतात, म्हणजे कंपनी ६० एमबीपीएस खाते. पॅकेट लहान असो की मोठं, तारेला काय फरक?’ त्यावर माना डोलावणारे इतके निघाले की उत्तर देणं भाग पडलं.

इथरनेटवर पॅकेट ज्या पाकिटात बसून तारेवर जातं त्याला फ्रेम म्हणतात. प्रत्येक फ्रेममागे ३८ बाइट तुमच्या कामाचे नसतात: सुरुवातीची खूण (प्रिअँबल) ८, पत्ते असलेलं हेडर १४, चूक ओळखणारा चेकसम ४, दोन फ्रेममधली सक्तीची मोकळी जागा १२. वर पॅकेटमधल्या आयपी-टीसीपी हेडरचे ४०, टीसीपीचा टाइमस्टॅम्प (वेळेची नोंद) चालू असेल तर आणखी १२. एमटीयू म्हणजे पॅकेटचा कमाल आकार; १५०० च्या एमटीयूवर तारेवरच्या १५३८ बाइटांत तुमचे १४४८. हिशोब बरोबर ९४१ वर येतो. कोणी काही खाल्लेलं नाही.

आता ६४ बाइटांची (हेडर-चेकसम धरून) फ्रेम घ्या. तारेवर ती ८४ बाइट अडवते, सेकंदाला जास्तीत जास्त १४,८८,०९५ जातात. यूडीपीनं (टीसीपीऐवजीची, पोच न मागणारी पद्धत) भरली तर फ्रेममागे डेटा १८ बाइट, म्हणजे २१४ एमबीपीएस. तार तीच, पोर्ट तेच! शिवाय मोठ्या फ्रेम सेकंदाला ८१,२७४ च असतात. लहान असल्या की राउटरला अठरापट वेळा पत्ता शोधावा लागतो. स्वस्तातला राउटर तार भरण्याआधीच मान टाकतो.

स्टोरेजवाला
मग सरळ जंबो, म्हणजे ९००० च्या एमटीयूची मोठी फ्रेम लावा की. ९९० एमबीपीएसपर्यंत जातं. आमचा रात्रीचा बॅकअप त्यानंतरच वेळेत संपायला लागला, सर्व्हरचा सीपीयूही थंडावला. लोक उगाच घाबरतात.

रात्रपाळी
घाबरतात कारण निस्तरावं आम्हाला लागतं. एका ठिकाणी दोन्ही सर्व्हर ९००० वर आणि मधला एक स्विच १५०० वर राहिलेला. पिंग जातंय, लॉगिन होतंय, फाइल कॉपी केली की ठप्प. स्विच मोठी फ्रेम गुपचूप टाकून देतो, कुणाला कळवत नाही. सगळे डेटाबेसवाल्यांना शिव्या घालत बसले होते. पाच टक्क्यांसाठी हे?

स्टोरेजवाला
तो स्विच तपासला नाही हा जंबोचा दोष कसा? बंद नेटवर्कमध्ये, सगळी उपकरणं आपल्या हातात असताना वापरा म्हणतोय मी.

हॅलो_हॅलो
मोठ्या पॅकेटवाल्यांनो, आमच्याकडेही बघा. नेटवरच्या कॉलचा आवाज आटवणाऱ्या जी.७२९ पद्धतीत आवाज ८ केबीपीएस. २० मिलिसेकंदांचं पॅकेट म्हणजे आवाज २० बाइट, आयपी-यूडीपी-आरटीपीची (आरटीपी म्हणजे आवाज वाहून नेणारी पद्धत) हेडरं ४०, वर इथरनेटचे ते ३८. एका दिशेला ३९.२ केबीपीएस! ४० मिलिसेकंदांचं केलं तर २३.६. एका व्यवस्थापकानं कॉलमागे ८ च धरून लाइन घेतली होती. दुपारी कॉल तुटायला लागले तेव्हा आम्हाला बोलावलं.

रात्रपाळी
आणि ४० केलं की उशीर वाढतो, एक पॅकेट हरवलं की दुप्पट आवाज जातो. फुकट काही नाही.

तिसरा_मजला
खरा गुन्हेगार कुणी बोलतच नाही: आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारे निरोप) सरसकट बंद करणारे फायरवॉलवाले. पीपीपीओई (ब्रॉडबँडच्या लॉगिनची पद्धत) असलं की एमटीयू १४९२. वाटेतला राउटर ‘पॅकेट मोठं आहे’ म्हणून निरोप पाठवतो, तो तुम्ही दारातच अडवता. मग साइट अर्धवट उघडते आणि शिव्या आम्ही खातो. १९९० सालचा आरएफसी ११९१ हा इंटरनेटचा नियमदस्तऐवज आहे यावर!

कुलूपकिल्ली
आयसीएमपी बंद ठेवण्यामागे कारणं आहेत. ऑडिटवाल्यांना उत्तर तुम्ही देणार का? एमएसएस (एका टीसीपी पॅकेटमधला कमाल डेटा) फायरवॉलवरच १४५२ वर क्लँप करा, म्हणजे बांधून टाका, प्रश्न मिटला.

तिसरा_मजला
मिटला म्हणे! क्लँप फक्त टीसीपीला लागतो. आमचा यूडीपीवरचा व्हीपीएन कुठे जाणार? बाजूच्या माणसाला विचारल्याशिवाय नियम लिहायचे आणि वर ऑडिट दाखवायचं, याचाच संताप येतो.

कुलूपकिल्ली
आवाज चढवू नका. विचारायला कुणी आलंच नव्हतं.

लोखंडी_रॅक
विषय आकाराचा होता, पण तिसऱ्या मजल्याचं बरोबर आहे. निरोपच अडवला तर योग्य आकार कळणार कसा?

कुलूपकिल्ली
ठीक. टाइप ३ कोड ४, म्हणजे तो ‘पॅकेट मोठं आहे’चा निरोप, आत सोडतो. पण बाहेरून येणारा इको (पिंगची हाक) बंदच राहील, त्यावर वाद नको.

तिसरा_मजला
इकोशी माझं भांडण नव्हतंच. आयपीव्ही६ साठी टाइप २ (तिथला तोच निरोप) पण सोडा, तिथे वाटेतला राउटर पॅकेट तोडतच नाही.