जवळपास कोणीच जिओहॅशिंग करत नसेल तर सुरुवात कशी करावी?

कोरा_चौकोन:
जिओहॅशिंग म्हणजे रोज गणितानं ठरणाऱ्या एका जागी पोहोचायचा खेळ. गणित समजलंय. तारीख आणि न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराच्या डाऊ जोन्स निर्देशांकाचा उघडतानाचा आकडा जोडायचा, त्याचा एमडी५ (मजकुरातून ठरावीक लांबीचा आकडा बनवणारा हॅश) काढायचा, त्याचे दोन अर्धे म्हणजे अक्षांश आणि रेखांशाचे दशांश. अडचण पुढची आहे. आमच्या ग्रॅटिक्यूलच्या (एक अंश अक्षांश आणि एक अंश रेखांशाच्या चौकोनाच्या) जिओहॅशिंग विकीवरच्या पानावर एकही मोहीम नोंदलेली नाही, शेजारची पानंही रिकामी. बिंदू बहुतेक वेळा ५०-६० किमीवर, नाहीतर पाण्यात. शनिवारी दुपारी चारला बिंदूवर भेटायची प्रथा आहे, पण येणार तरी कोण? एकट्यानं करण्यात अर्थ आहे का, आणि पहिल्या खेपेला तयारी काय लागते?

अंशात्मक:
अर्थ नक्कीच आहे. यशस्वी मोहिमेसाठी दुसरं माणूस लागत नाही. उलट रिकाम्या ग्रॅटिक्यूलमध्ये पहिल्यांदा बिंदू गाठणाऱ्याला 'व्हर्जिन ग्रॅटिक्यूल'चा मान मिळतो, तो गजबजलेल्या भागात मिळणं शक्यच नाही.

आता अंतराचं. तुम्ही फक्त आपल्याच चौकोनातला बिंदू बघताय असं वाटतं. दशांश सगळ्यांना तेच असतात, त्यामुळे शेजारच्या आठही चौकोनांत त्याच जागी एकेक बिंदू असतो. समजा तुमच्या रेखांशाचा दशांश ०.९३ आहे आणि त्या दिवशी ०.०४ आला. आपल्या चौकोनातला बिंदू पश्चिमेला ९५-१०० किमी, पण पूर्वेच्या चौकोनातला जेमतेम १२ किमी! नऊही बिंदू धरले तर सर्वांत जवळचा कधीही साधारण ७९ किमीपेक्षा लांब नसतो, आणि हा विषुववृत्तावरचा आकडा आहे. तिथे २० किमीच्या आत बिंदू दहा दिवसांतून एकदा येतो, १० किमीच्या आत महिना-सव्वा महिन्यातून एकदा. विषुववृत्तापासून लांब गेलं की चौकोन अरुंद होतात आणि संधी वाढते. ६० अंशांवर जवळजवळ दुप्पट. म्हणून आधी आपली अंतराची मर्यादा ठरवा आणि रोज नऊही बिंदू बघा. (शून्य अक्षांश किंवा शून्य रेखांश ओलांडताना मात्र दशांश आरशासारखे उलटतात, तिथे जपून.)

शुक्रवार_संध्याकाळ:
वेळेचा फायदा घ्या. ३० अंश पश्चिम रेखांशाच्या पूर्वेला आदल्या दिवशीचा डाऊ वापरतात, कारण तिथे बाजार उघडेपर्यंत दिवस बराच सरलेला असतो. बाजार न्यूयॉर्कच्या वेळेनुसार सकाळी साडेनऊला उघडतो, आणि सुट्टीच्या दिवशी शेवटचा उपलब्ध आकडा चालतो. त्यामुळे या भागात शुक्रवारी बाजार उघडला की शनिवार, रविवार, सोमवार असे तिन्ही दिवसांचे बिंदू हातात येतात. त्याच रात्री उपग्रह-चित्रावर तिन्ही तपासा: पाणी, कुंपण, इमारत, जवळचा रस्ता. त्यातला जमणारा निवडून विकीवर मोहिमेचं पान लगेच उघडा आणि पोहोचण्याची वेळ लिहा. कोणी येवो न येवो, बाहेरून फिरायला आलेल्या एखाद्याला ते पान दिसू शकतं.

सोळा_अंकी:
आकडे हातानं काढणार असाल तर आधी हा खेळ ज्यातून आला त्या 'एक्सकेसीडी' कॉमिकमधल्या उदाहरणावर पडताळा: २००५-०५-२६-१०४५८.६८ वरून ०.८५७७१३ आणि ०.५४४५४३ यायला हवेत. उत्तर पूर्ण वेगळं आलं तर बहुतेक वेळा मजकुराच्या शेवटी नवी ओळ चिकटलेली असते. टर्मिनलवर मजकूर छापणाऱ्या 'एको' आज्ञेला 'एन' (-n) हा पर्याय दिला नाही की हेच होतं. दुसरी चूक म्हणजे दशांशानंतरचं शेवटचं शून्य गळणं: .६० आणि .६ यांचे हॅश एकमेकांशी काहीही संबंध नसलेले निघतात. तिसरी, उघडतानाच्या आकड्याऐवजी आदल्या दिवशीचा बंद भाव घेणं.

फोनमध्ये दशांश अंश हेच एकक ठेवा. अंश-मिनिट-सेकंदांत गफलत झाली तर किलोमीटरांचा फरक पडतो. पाच दशांश म्हणजे साधारण एक मीटर, तेवढे पुरेत. उघड्या आकाशाखाली फोन पाचेक मीटरपर्यंत अचूक असतो, दाट झाडीत किंवा उंच इमारतींमध्ये बराच जास्त हलतो. अशा जागी मिनिटभर स्थिर उभं राहा, आकडा स्थिरावू द्या. नकाशा आधीच उतरवून घ्या, कारण बिंदूपाशी नेटवर्क असेलच असं नाही. पडद्यावरचे अक्षांश-रेखांश दिसतील असा एक फोटो आणि आजूबाजूचा एक, एवढा पुरावा चालतो.

कोरा_चौकोन:
धन्यवाद, नऊ बिंदूंचं लक्षातच आलं नव्हतं. पण बिंदू कुंपणाच्या ५० मीटर आत निघाला तर?

अंशात्मक:
मालक किंवा राखणदार भेटला तर सरळ विचारा, फोनवरचा नकाशा दाखवा. नाही म्हणाला किंवा कोणी सापडलंच नाही, तर आत जाऊ नका. जिथे थांबलात तिथला फोटो घ्या, उरलेलं अंतर नोंदवा आणि 'सार्वजनिक वाट नाही' या वर्गात मोहीम टाका. न पोहोचलेल्या मोहिमाही विकीवर रीतसर नोंदवतात. रिकाम्या भागात तर त्या जास्त मोलाच्या, कारण कुठला रस्ता मध्येच संपतो, कुठे फाटकाला कुलूप असतं हे पुढच्याला आयतं कळतं.

आणि माणसांचं म्हणाल तर ओळखीतल्या एकाला सोबत न्या, सायकल किंवा भटकंतीची आवड असलेल्याला. पहिल्या वेळी त्याला गणित समजावत बसू नका. जवळचा, सहज जमणारा बिंदू निवडा आणि शेवटचे शंभर मीटर फोन त्याच्या हातात द्या.