खेड टाकलं की चाकण येतं! रत्नागिरी जिल्ह्यात केमिस्टची नोकरी कुठे शोधू?

सड्यावरची:
बी.एस्सी. केमिस्ट्री, २०२४ ला पास. घर गुहागर तालुक्यात. लोट्यात (आमच्या जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातली एमआयडीसी) नाहीतर रत्नागिरीत काहीतरी बघतेय. चार महिन्यांत साठेक अर्ज केले. दोन ठिकाणांहून नकार आला, बाकी शुकशुकाट. फोन येतात ते विमा विकायला माणसं हवीत म्हणून.

घरात रेंज नाही, त्यामुळे संध्याकाळी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, जाऊन फॉर्म भरते. ओटीपी येईपर्यंत पान टाइमआउट झालेलं असतं. रिझ्यूमे अपलोड करायचा आणि खाली परत तेच सगळं टाइप करायचं, हे कोणाच्या डोक्यातून निघालं असेल? आणि ठिकाण म्हणून खेड टाकलं की चाकणच्या जाहिराती! बाबा म्हणतात, मुंबईला मावशीकडे जा. जाईनही, पण प्रवास आणि खानावळ जाऊन हातात काय उरतं त्याचा हिशेब मी केलाय. कुणी या भागात ऑनलाइन शोधून खरंच लागलंय का?

जनरल_शिफ्ट:
ताई, मी लोट्यालाच आहे, लागलो ऑनलाइनच. चाकण येतं कारण पुणे जिल्ह्यातही खेड तालुका आहे, राजगुरुनगरचा, आणि चाकण त्यातच. वेबसाइटला दोन्ही खेड सारखीच. खेड सोडा. लोटे टाका, परशुराम वेगळं टाका (एमआयडीसीचं नाव लोटे-परशुराम), चिपळूण टाका. मुंबईही टाकून बघा, कारण जाहिरात बऱ्याचदा हेड ऑफिसातून पडते. वर ठिकाण मुंबई असतं आणि आत चौथ्या-पाचव्या ओळीत प्लांट लोट्याला.

दुसरं म्हणजे 'केमिस्ट' हा शब्दच टाकू नका. मेडिकल स्टोअरवाले येतात! क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणी), एचपीएलसी (नमुने तपासायचं लॅबमधलं यंत्र), प्रॉडक्शन ट्रेनी असं शोधा. कॉलेजात एचपीएलसीला हात लावला असेल तर रिझ्यूमेत पहिल्या तीन ओळींत यायला हवं, प्रोजेक्टच्या नावाखाली गाडलेलं नको.

माडाखालचा:
माका पण असोच एक फोन इलो. (पुढचं प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर अर्ध्यांना कळायचं नाही.) विमानतळावर नोकरी, युनिफॉर्मचे २,५०० भरा, रुजू झाल्यावर परत मिळतील. भरले. दुसऱ्या दिवशी नंबर बंद. लाज वाटून आठवडाभर कुणाला बोललो नाही, तिथेच चुकलो. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, लगेच फोन केला असता तर समोरचं खातं गोठवायला काहीतरी वाव होता. नोकरी द्यायला जो पैसे मागेल त्याचा फोन तिथेच ठेव गो.

बंदरकाका:
आमच्या वेळी गेटवर जाऊन अर्ज टाकायचा, संपलं. तसंच कर मुली.

सड्यावरची:
काका, गेले होते. दोन ठिकाणी वॉचमनने 'ऑनलाइन भरा' म्हणून परत पाठवलं, आणि तिसऱ्या ठिकाणी बायोडाटा घेतला तो त्याच्या डब्याखाली ठेवला. :)

जनरल_शिफ्ट:
गेटवर आता कंत्राटदाराचीच माणसं जास्त घेतात. तसं लागलात तर वाईट नाही, मीही पहिलं वर्ष कंत्राटावरच काढलं. फक्त पगाराची स्लिप आणि पीएफचा यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा) नंबर पहिल्याच महिन्यात मागा. टाळाटाळ झाली तर दुसरीकडे बघत राहा. सरकारी एनएटीएस (अप्रेंटिस योजनेच्या) पोर्टलवरही नाव घाला. पदवीधरांना अप्रेंटिस म्हणून घेतात, विद्यावेतन मिळतं. फार नसतं, पण अनुभवाच्या रकान्यात लिहायला काहीतरी होतं. 'महास्वयं' या राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवरही नोंदणी करा, फुकट आहे. मला तिथून काही मिळालं नाही, पण मैत्रिणीला रोजगार मेळाव्याचा मेसेज तिथूनच आला होता.

सड्यावरची:
अपडेट. क्यूसी आणि लोटे टाकून तीन जाहिराती सापडल्या, त्यातली एक खरंच मुंबईखाली होती! आज चिपळूणला आलेय, इथे फोर-जी आहे, ओटीपी दोन सेकंदांत. अडकलेय एका रकान्यावर. अपेक्षित पगार सक्तीचा आहे आणि मी आतापर्यंत सगळीकडे शून्य टाकत आले. तेच नडलं असेल का?

जनरल_शिफ्ट:
नडलं असू शकतं. कंपनीने पगाराची मर्यादा लावून गाळणी केली तर शून्यवाले कदाचित दिसतही नसतील. त्या जाहिरातीत पगाराचा आकडा दिलाय का बघा, असेल तर त्यातला खालचा टाका. आणि फॉर्म चिपळूणलाच पुरा करा, सड्यावर नेऊ नका.