स्मरणिकेत ‘ड’ तुकडीचा लेख छापायचा की नाही?

कंपासपेटी:
परळच्या आमच्या शाळेला यंदा पंचाहत्तर वर्षं होतायत. मेळावा ठरलाय, सत्कार ठरलेत आणि स्मरणिका माझ्या गळ्यात पडलीय, कारण १९८५ च्या दहावीच्या बॅचमध्ये प्रुफं तपासता येणारा मी एकटाच सापडलो. आतापर्यंत एकेचाळीस लेख आले. खरं सांगायचं तर एकच लेख एकेचाळीस वेळा आलाय. मराठीच्या बाई कविता म्हणायच्या तेव्हा शेजारच्या वर्गातला गोंगाट थांबायचा. हिंदमाताला पाणी तुंबलं की दप्तर डोक्यावर. शिपाईमामांची घंटा. आणि गणिताचे सर. ‘सरांनी मारलं म्हणून घडलो’ हे वाक्य सतरा लेखांत आहे, मोजलंय मी.

बेचाळिसावा लेख माझ्याच बॅचमधल्या, पण ‘ड’ तुकडीतल्या एकाचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही सातवीत होतो. जूनमध्ये आठवीत गेलो तरी संप चालूच. अडीच लाख कामगार घरी बसलेले आणि आमच्या शाळेत तर चाळीचाळीतून गिरणीवाल्यांचीच पोरं. याची टर्म फी थकली. सर ‘ड’चे वर्गशिक्षक. पहिल्या तासाला फी थकलेल्यांची नावं वाचायची आणि त्यांना व्हरांड्यात उभं करायचं. बाकीचे एकेक करून आत गेले, कुणाच्या मामाने भरली, कुणाच्या आईने काहीतरी गहाण टाकलं. हा अकरा दिवस बाहेर.

लेखात रागाचा एक शब्द नाही. व्हरांड्यात लाद्या किती, त्यातल्या फुटक्या किती, ते आहे. तो उभा राहायचा तिथून खिडकीतून फळ्याची डावी बाजूच दिसायची. सर डावीकडे आकृती, पक्ष आणि साध्य लिहायचे, उजवीकडे सिद्धता. त्यामुळे त्या दिवसांतल्या प्रमेयांचं पक्ष-साध्य त्याला आजही तोंडपाठ आहे, सिद्धता एकाचीही येत नाही. बस, एवढाच लेख. दीड पान.

आणि हेच सर दहावीच्या वर्षी आम्हा ‘अ’च्या पोरांना सकाळी साडेसहाला बोलावून भूमिती घ्यायचे, एक पैसा न घेता. मला बोर्डात १५० पैकी १४१ पडले ते त्यांच्यामुळेच.

सर आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. सत्काराला येणार आहेत, व्हीलचेअरवरून. समिती म्हणते लेख नको. मी म्हणतो छापावा. तुम्ही काय म्हणाल?

जुनी अकरावी:
मी १९७५ च्या शेवटच्या अकरावीचा. त्याच साली दहावीची पहिली बॅचही बसली होती, त्यामुळे कॉलेजात आमची काय चेंगराचेंगरी झाली ते विचारू नका. असो. माझं मत स्पष्ट आहे, हा लेख नको. माणसाला शाल-श्रीफळ द्यायला बोलवायचं आणि हातात आरोपपत्र ठेवायचं, ही कुठली रीत? स्मरणिका म्हणजे चौकशी आयोगाचा अहवाल नव्हे. घरातल्या थोरल्यांची उणीदुणी काढायला कुणी लग्नाचा मांडव निवडत नाही. ज्याला जे सलतंय त्याने सरांच्या घरी जाऊन बोलावं, ते दार उघडतील.

सर आमच्या वेळी तिशीतले होते, सायकलवरून यायचे. वर्गात आम्ही बासष्ट. एकेका वहीत लाल शाईने चूक कुठे झाली ती पायरी दाखवलेली असायची, नुसती फुली नाही. बासष्ट वह्या रोज तपासून बघा, मग बोला.

मागचा बाक:
काका, मांडव कुणाचा आणि वऱ्हाड कुणाचं ते आधी ठरवा. मी १९८८ चा, ‘ड’. आमचा वर्ग तळमजल्यावर शेवटी, मुतारीला लागून. दुपारी वाऱ्याची दिशा बदलली की तास कुठला चाललाय ते कळायचंच नाही. प्रयोगशाळा मी चार वर्षांत दोनदा पाहिली, त्यातली एकदा बाकं उचलायला नेलं होतं तेव्हा. वहीतल्या लाल शाईचं तुम्ही सांगताय, ते मला परीकथेसारखं वाटतंय. आमच्या वह्या तपासलेल्या असायच्या म्हणजे पानभर एक मोठी तिरकी रेघ आणि खाली सही.

एकेचाळीस लेखांपैकी ‘ड’चे किती, ‘क’चे किती, ते सांगा की.

कंपासपेटी:
आताच यादी पाहिली. ‘अ’चे तेहेतीस, ‘ब’चे सात, ‘क’चा एक. ‘ड’चा हा बेचाळिसावाच. मागवताना मी तुकडी विचारली नव्हती, सगळ्या ग्रुपवर सारखाच निरोप टाकला होता.

मागचा बाक:
सगळ्या ग्रुपवर म्हणजे? आम्ही त्या ग्रुपवर आहोत कुठे!

हजेरीपट:
थोडं दुसऱ्या बाजूनेही बघू या. फी थकलेल्यांची नावं वाचायची हे सरांचं फर्मान नव्हतं. यादी ऑफिसातून यायची, शिपाई वही घेऊन दारात उभा असायचा आणि वर्गशिक्षकाला सही करावी लागायची. संपाच्या काळात सरांनी दोघांची फी स्वतःच्या पगारातून भरली आणि कुणाला कळू दिलं नाही. मला माहीत आहे, कारण त्या दोघांतला एक मी. ईबीसीचा, म्हणजे फी-सवलतीचा फॉर्मसुद्धा त्यांनीच भरून घेतला, वडिलांच्या सहीसाठी रात्री नऊला खोलीवर आले होते. आईने चहा पुढे केला तर ‘दूध आणू नका, कोराच द्या’ म्हणाले. त्या माणसाला चाळीस वर्षांनी अकरा दिवसांवरून ओळखायचं?

मागचा बाक:
तुम्ही कुठल्या तुकडीत होतात?

हजेरीपट:
‘अ’. पण त्याचा काय संबंध?

मागचा बाक:
काही नाही. सहज.

शिवणाचा तास:
हजेरीपट, तुमच्या चहाच्या गोष्टीने खरंच डोळ्यांत पाणी आलं. तीही छापाच. पण ती छापायची तर व्हरांड्याचीही छापायला हवी, नाहीतर दोघं नशीबवान आणि एक कमनशिबी यांतले फक्त नशीबवान उरतात.

‘तेव्हा काळच तसा होता’ हे कुणीतरी आता म्हणणारच आहे, म्हणून आधीच सांगते. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० शिकवत होते. छात्रालयातल्या पोरांची अंथरुणं आवरायचे, कपडे धुवायचे. म्हणजे आपल्या व्हरांड्याच्या आधी पन्नास वर्षांहून जास्त. काळ तोही होताच की! आणि टिळकांची शेंगांची गोष्ट आपण बालवाडीपासून घोकतो. त्या गोष्टीत पोरगा बरोबर आणि मास्तर चूक असतो. एक ऑगस्टला त्यावर टाळ्या पडतात. आपल्या शाळेतल्या पोराने चाळीस वर्षांनी ‘मी शेंगा खाल्ल्या नव्हत्या’ म्हटलं की तो मात्र उद्धट!

जुनी अकरावी:
ताई, साने गुरुजी लाखांत एक म्हणून तर आपण त्यांचं नाव घेतो. बाकीचे मास्तर साधी माणसं होती. भाड्याच्या खोलीत राहणारी, सकाळ-दुपार दोन्ही अधिवेशनं करणारी, घरी चार पोरं. साध्या माणसाला साने गुरुजींच्या पट्टीने मोजायचं आणि मग नापास करायचं, हाही एक प्रकारचा मारच.

शिवणाचा तास:
हे पटलं. पण मग साध्या माणसाला देवाच्या पट्टीनेही मोजू नका. सतरा लेखांत ते ‘शिल्पकार’ आहेत.

खडूची भुकटी:
मी या शाळेची नाही, पण मुंबईतल्याच अशाच एका शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. कुणी विचारलं नाही तरी सांगते, कारण तुमच्या भांडणात शाळा चालवणारे कुठेच नाहीत.

तुकड्या मार्कांवर पाडायचं काम एप्रिलच्या शेवटी व्हायचं. वार्षिकचे निकालपत्रक घेऊन आम्ही टेबलाभोवती बसायचो, वरचे साठ ‘अ’, पुढचे साठ ‘ब’, असं खाली सरकत. मग ‘अ’ला कोण शिकवणार? ज्याचा निकाल चांगला तो. म्हणजे जो उत्तम शिकवतो तो, ज्यांना फारसं शिकवावं लागत नाही अशांच्या वाट्याला. व्यवस्थापनाला बोर्डात नंबर हवा असायचा, तो पेपरात छापून आला की जूनमध्ये प्रवेशाला रांग. रांग नसेल तर पट कमी, पट कमी की तुकडी बंद, तुकडी बंद की एक शिक्षक अतिरिक्त. संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून किती शिक्षक राहणार ते ठरवणारा कागद आला की स्टाफरूममध्ये कुणी चहा प्यायचं नाही. तुमच्या सरांना ‘ड’चं वर्गशिक्षकपण दिलं होतं म्हणजे त्या वर्षी त्यांचं मुख्याध्यापकांशी वाजलं असणार, हे मी पैजेवर सांगते. आमच्याकडे शिक्षा म्हणूनच ‘ड’ द्यायचे. आणि शिक्षा मिळालेला माणूस ती पुढे कुणाला देणार?

मी पण मारलंय. लाकडी फूटपट्टी आडवी धरून, बोटांच्या पेरांवर. एका मुलीने हात मागे घेतला नाही आणि डोळेही मिटले नाहीत, ती मला अजून दिसते. तिने माझ्यावर लेख लिहिला तर छापावा असं मला वाटेल का? आज लिहिताना वाटतंय. सत्काराच्या दिवशी व्यासपीठावर बसून वाटेल का, सांगता येत नाही.

नुसता वाचक:
आता तसं कुणी करू शकत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मारही बंद आणि मानसिक छळही बंद, १ एप्रिल २०१० पासून. फीसाठी व्हरांड्यात उभं करणं तर त्या दुसऱ्यात सरळसरळ बसतं. त्यामुळे हा लेख छापलात तर इतिहास म्हणून छापा.

जाता जाता, इथल्या किती जणांची मुलं त्या शाळेत गेली?

जुनी अकरावी:
माझी नाही. इंग्रजी माध्यमात घातली. सगळ्यांनी घातली.

मागचा बाक:
माझी गेली. दोघंही. थोरलीच्या वेळी दोन तुकड्या होत्या, धाकट्याच्या वेळी एकच. आता पाचवी ते दहावी प्रत्येक इयत्तेला एकच तुकडी आहे, तीही पुरती भरत नाही. ‘अ’ आणि ‘ड’चा प्रश्न शाळेने असा सोडवला.

हजेरीपट:
मधला मार्ग सुचवतो. लेख छापा, सरांचं नाव आणि विषय काढा. ‘एका शिक्षकांनी’ एवढंच ठेवा.

शिवणाचा तास:
पक्ष आणि साध्य लिहिणारे ‘एक शिक्षक’ म्हणजे चित्रकलेचे का? अहो, सगळ्यांना कळणार. आणि नाव काढलंत तर उरलेल्या सगळ्या सरांवर संशय. पीटीच्या सरांनी कुणाचं काय घोडं मारलंय?

जुनी अकरावी:
माझा विरोध कायम. पण कंपासपेटी, एक करा. छापायच्या आधी सरांना वाचून दाखवा. मेळाव्यात गर्दीसमोर कळण्यापेक्षा घरी कळू दे. त्यांना नको असेल तर नको.

मागचा बाक:
आणि लिहिणाऱ्याला हवं असेल तर? त्याला कोण विचारणार?

कंपासपेटी:
दोघांनाही विचारलं. आधी लिहिणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, ‘दाखव की. मी काय खोटं लिहिलंय?’ मेळाव्याला येशील का विचारलं, तर म्हणाला, रविवारी त्याची ड्युटी असते.

काल संध्याकाळी सरांकडे गेलो. मला बघून पहिलं वाक्य, ‘एकशे एकेचाळीस. नऊ मार्क कुठे घालवलेस?’ मग आमच्या ‘अ’ची हजेरी म्हणून दाखवली, एक नंबरपासून, एकोणतिसाव्या नावापर्यंत न अडखळता. मला वाटलं आता लेख काढूच नये. तरी काढला. ऐकू कमी येतं म्हणून कानाशी बसून वाचला. लाद्यांपाशी त्यांनी हात वर करून थांबवलं. ‘कुठल्या तुकडीतला?’ ‘ड’ म्हटलं. ‘मग नाही आठवणार,’ म्हणाले. खिडकीबाहेर बघत राहिले. पुढचं सगळं ऐकलं, सिद्धतेपर्यंत.

नंतर बराच वेळ काही नाही. मी निघायला उठलो तेव्हा म्हणाले, ‘अकरा कसे होतील? मध्ये दोन रविवार येतात. नऊ. छापायचं तर नऊ छापा.’

म्हणजे छापायला हरकत नाही, असा मी अर्थ घेतलाय. समितीलाही तसंच कळवलं. आता प्रश्न एवढाच, आकडा दुरुस्त करू का? लिहिणारा फोन उचलत नाहीये आणि फाइल उद्या प्रेसला जायचीय.

हजेरीपट:
नऊच करा. सरांचा हिशोब चुकायचा नाही.

जुनी अकरावी:
तळटीप द्या. दोन्ही आकडे राहू देत.

मागचा बाक:
अकराच छापा. रविवारी घरी बसून सोमवारची फी कुठून आणायची, तेही तोच मोजत होता.