घरच्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम आणि इंटरनेट सेवादाता बदलताना आलेले अनुभव

विंडोज १० साठीची नियमित सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्यानंतरही संगणक चालतो, परंतु वाढीव मुदतीसाठी नोंदणी केलेली नसेल तर नव्याने सापडणाऱ्या त्रुटी दुरुस्त होत नाहीत. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात तो असा उघडा ठेवणे मला धोक्याचे वाटते. याच काळात अनेकांनी इंटरनेट सेवादाताही बदलला आहे. ज्यांनी यांपैकी एखादे किंवा दोन्ही कामे केली असतील त्यांनी अडचण, तिचे कारण आणि उपाय यांसह आपला अनुभव लिहावा, ही विनंती. सुरुवात मी करतो.

आमचा संगणक विंडोज ११ साठी अपात्र असल्याचा संदेश आला. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा होता, मेमरीही पुरेशी होती. अडले होते ते टीपीएम २.० या सुरक्षा घटकापाशी. बायोस (संगणकाच्या मूळ सेटिंग्जचा पडदा) उघडल्यावर तो घटक संगणकात आहे, फक्त बंद ठेवलेला आहे, असे दिसले. इंटेलच्या संगणकांत हा पर्याय ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या संगणकांत ‘एफटीपीएम’ या नावाने असतो, त्यामुळे तो सहज नजरेतून सुटतो. बायोसला हात लावण्यापूर्वी बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट करणारी विंडोजची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की मी कागदावर उतरवून घेतली, कारण डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर अशा बदलानंतर संगणक ती मागू शकतो, आणि ती हाताशी नसेल तर आपलाच डेटा आपल्याला उघडता येत नाही. अपग्रेडनंतर जुन्या सिस्टीमकडे परतण्याची सोय साधारणपणे १० दिवसच राहते, म्हणून प्रिंटर, स्कॅनर आणि हिशेबाचा प्रोग्रॅम मी लगेच तपासून पाहिले.

* * *

माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर पाचव्या पिढीचा असल्याने विंडोज ११ चा मार्ग बंद होता. यंत्र मात्र धडधाकट होते, आणि असे यंत्र भंगारात काढणे मला पटत नाही. लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. वाय-फाय, आवाज आणि देवनागरी टंकलेखन व्यवस्थित चालत असल्याची खात्री करून, डेटाचा बॅकअप घेऊन मगच मी ती बसवली.

* * *

मी फक्त सेवादाता बदलला, त्याविषयी लिहिते. नवी जोडणी सुरू होऊन ती सायंकाळच्या गर्दीच्या वेळीही नीट चालते हे पाहीपर्यंत आम्ही जुनी बंद केली नाही. दोन्हींचे शुल्क काही काळ भरावे लागले, पण घरून काम करणाऱ्यांसाठी तो खर्च योग्यच आहे असे माझे मत आहे. नव्या राउटरला जुन्याच वाय-फायचे नाव आणि पासवर्ड दिल्यामुळे फोन, टीव्ही आणि प्रिंटर आपोआप जोडले गेले. खरे काम होते ते ईमेलचे. जुन्या सेवादात्याने दिलेला पत्ता वडिलांनी सर्वत्र नोंदवलेला होता आणि जोडणीबरोबर तोही बंद होणार होता. प्रत्येक खात्यात नवा पत्ता नोंदवून झाल्यावरच आम्ही जुन्या सेवेला रजा दिली.

* * *

वेगाविषयी थोडेसे. सेवादाता वेग मेगाबिटमध्ये सांगतो आणि डाउनलोडची खिडकी बहुधा मेगाबाइटमध्ये दाखवते (आठ बिट म्हणजे एक बाइट), त्यामुळे १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला १२.५ मेगाबाइटच्या आसपासचा आकडा दिसणे बरोबरच आहे. आमच्याकडे मात्र अधिक वेगाची योजना घेऊनही आकडा त्यापुढे सरकत नव्हता. राउटरपासून संगणकापर्यंतच्या जुन्या केबलमध्ये आठांपैकी चारच तारा जोडलेल्या होत्या, आणि गिगाबिट वेगासाठी आठही लागतात. केबल बदलताच प्रश्न सुटला.

* * *

दोन्ही कामे आमच्याकडेही निघाली होती, परंतु ती एकाच वेळी करायची नाहीत असे आम्ही आधीच ठरवले होते. प्रथम इंटरनेट बदलले आणि ते स्थिर झाल्यानंतरच सिस्टीम नव्याने बसवली. त्यानंतर वाय-फाय सतत तुटू लागले, तेव्हा त्याच राउटरवर फोन सुरळीत चालत असल्यामुळे दोष जोडणीत नसून संगणकाच्या वाय-फाय ड्रायव्हरमध्ये (वाय-फायचा भाग चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) असावा, हे लगेच ध्यानात आले. फोन यूएसबी केबलने संगणकाला जोडून त्याचे इंटरनेट वापरले, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून घेतला, आणि तो बसवल्यापासून वाय-फाय एकदाही तुटलेले नाही.