प्रेफरन्स शेअरचा लाभांश: खर्च की नफ्याचा वाटा?

प्रेफरन्स शेअर म्हणजे इक्विटी शेअरच्या आधी ठरावीक लाभांश मिळणारे शेअर. त्यांचा क्युम्युलेटिव्ह, म्हणजे न दिल्यास पुढे साठत जाणारा लाभांश जाहीर झाला नसेल तर तो ताळेबंदात देणं म्हणून दाखवायचा का, या प्रश्नाला बरेचदा सरसकट ‘नाही’ असं उत्तर दिलं जातं. ते अर्धंच बरोबर आहे. कंपनी कोणती लेखा मानकं (हिशेब मांडण्याचे नियम) पाळते ते आधी पाहा.

जुन्या लेखा मानकांवर चालणारी लहान खाजगी कंपनी असेल तर हे शेअर भागभांडवलातच दिसतात. थकलेला लाभांश ताळेबंदात येत नाही, फक्त टिपांमध्ये रक्कम द्यायची. पण प्रतिशेअर उत्पन्न काढताना तो वजा करावाच लागतो, जाहीर झालेला असो वा नसो. समजा करोत्तर नफा 30 लाख, 1 कोटीच्या 9 टक्के क्युम्युलेटिव्ह शेअरांवर लाभांश 9 लाख आणि इक्विटी शेअर 2 लाख. मग उत्तर 15 नव्हे, 10.50 रुपये. इथे चुकणारी मुलं मी दरवर्षी पाहतो आणि खरंच वाईट वाटतं.

नव्या भारतीय लेखा मानकांपैकी इंड एएस 32 लागू असेल तर चित्रच पालटतं. ठरल्या तारखेला परतफेड आणि लाभांश दोन्ही बंधनकारक असतील तर नाव शेअर असलं तरी ते कर्जच. लाभांश वित्तीय खर्चात जातो, जाहीर होण्याची वाट न बघता. आयकरात मात्र त्याची वजावट मिळत नाही, कारण कायद्याच्या नजरेत तो लाभांशच राहतो.

आणखी एक, कंपनी कायदा 2013 च्या कलम 47 नुसार दोन वर्षं लाभांश थकला की या भागधारकांना सगळ्या ठरावांवर मतदानाचा हक्क मिळतो. म्हणून टिपेतली ती थकबाकी नीट वाचा.