मदत हवी आहे: ताईला घरातून बाहेर काढायचंय, दाजींना सुगावा न लागता

ताईचा फोन दाजी रोज रात्री तपासतात, म्हणून मी लिहितेय. (दाजी, तपासतात... जिभेला सवय आहे, आदर नाही.) लग्नाला आठ वर्षं झाली, मुलगा चार वर्षांचा. मारहाण पहिल्या वर्षापासूनची, पण आमच्यापर्यंत 'बाथरूममध्ये पाय घसरला' एवढंच यायचं. गेल्या महिन्यात त्यांनी तिचा गळा दाबला. त्यानंतर ती पहिल्यांदा म्हणाली, मला इथून ने.

त्यांची सेकंड शिफ्ट असली की तीन ते अकरा घरात फक्त सासूबाई. त्याच आठवड्यात निघायचं म्हणतोय. ती माझ्याकडेच येईल. दागिने सासूबाईंच्या कपाटात आहेत. आई म्हणते, बाईने स्वतःहून घर सोडलं की हक्क संपला, मुलगाही जातो. खरंय का? आणि त्यांनी ती हरवल्याची तक्रार दिली तर पोलीस तिला परत नेऊन सोडतील?

प्रतिसाद १
मी वकिली करते. आधी गळ्याचं. गळा दाबणाऱ्या माणसाने पुढे जीव घेण्याचा धोका कितीतरी जास्त असतो, हे जगभर दिसलंय. वळ नसले तरी डॉक्टरांना दाखवा, कागदावर नोंद होऊ द्या.

आईंना सांगा, हक्क जात नाही. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यात घर सोडलेली बाईही अर्ज करू शकते, तोही ती आता जिथे राहते तिथल्या न्यायालयात. स्त्रीधन परत मागता येतं, मुलाचा तात्पुरता ताबाही. हिंदू कायद्यात पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडेच राहतं. निघाल्याबरोबर पोलिसांना लेखी कळवा: मी सज्ञान आहे, मुलासह स्वतःच्या मर्जीने निघाले, जिवाला धोका आहे. पत्ता नवऱ्याला देऊ नये असंही त्यात लिहा. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला उत्पन्नाची अट नाही.

पण तुमच्याकडे यायचं मात्र पटत नाही. तो पहिला तुमच्याच दारात येईल. 181 या महिला हेल्पलाइनला तुमच्या फोनवरून विचारा, जवळचं सखी केंद्र (हिंसाचार सोसणाऱ्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) कुठे आहे. तिथे मुलासह काही दिवस राहता येतं.

प्रतिसाद २
मी अशीच निघाले होते. बॅग भरली असती तर त्याच दिवशी कळलं असतं. कागद दळणाच्या डब्यातून बाहेर काढले, वर गहू, खाली प्लास्टिकच्या पिशवीत मुलीचा जन्मदाखला, बँकेचं पासबुक, दवाखान्याचे कागद. गिरणीच्या वाटेवर मैत्रिणीचं घर होतं. पाच-सहा दळणांत सगळं निघालं. दागिन्यांपायी थांबू नका, आठवेल तशी यादी करा, लग्नातले फोटो शोधून ठेवा.

फोनचं नीट ऐका. लोकेशन शेअरिंग आत्ता बंद केलं तर त्याला लगेच संशय येईल. निघायच्या दिवशी तो फोन घरीच चार्जिंगला लावून ठेवायचा. दुसरा साधा फोन, नवं सिम तुमच्या ताब्यात हवं. आणि त्या आठवड्यात ताईने भांडू नये, रडूही नये. रोजच्यासारखी पोळ्या लाटत राहू दे.

धागाकर्ती
दोघींचे खूप आभार. फोनचं डोक्यातच नव्हतं. सखी केंद्रात बोलले, मुलासकट घेतात म्हणाले. आईला हक्काचं वाचून दाखवलं, ती बराच वेळ गप्प होती, मग स्वतःच म्हणाली, माझ्या कपाटातला लग्नाचा अल्बम घेऊन जा.

ताईकडे परवा दळण आहे. गिरणीत मीच थांबणार आहे.